दगडाचं वाळवण

गेल्या मे महिन्यात जुन्या जालन्यातल्या आमच्या गच्चीवर एका बाजूला कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी जुन्या धोतरावर चार काळे दगड. आई वर आली, दगडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय रे बाबा, पुण्यात एवढा पगार घेतोस आणि इथं येऊन दगडं वाळत घालतोस?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आजचा हा शनिवारचा लेख.

हे दगड फिश टँकमधले आहेत, पण दुकानातून आणलेले नाहीत. आजोबांचा वाडा पाडला तेव्हा बाबांनी भिंतीतले चार दगड बाजूला काढून ठेवले होते. आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्यामुळे काही दगडांना बारीक भोकं असतात, तसे हे. बाबा रिटायर झाल्यावर मी त्यांना शंभर लिटरची टाकी घेऊन दिली आणि त्यांनी सगळ्यात आधी हे दगड तिच्यात मांडले. सांध्यांतला चुना खरवडून काढला होता आणि लिंबू पिळून फेस येतो का तेही बघितलं होतं. (चुना राहिला तर पाणी हळूहळू अल्कधर्मी होत जातं.) मग आठ गोल्डफिश आले.

त्याआधीच्या डिसेंबरात थंडी पडली आणि माशांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मासे दगडांवर अंग घासायला लागले. पाच दिवसांत आठही गेले. मी शुक्रवारच्या रात्रीच्या बसने आलो आणि आपल्या धंद्यात नवशिके लोक जे करतात तेच केलं. लॉग न वाचता सर्व्हर फॉरमॅट! दगड पातेल्यात उकळले, वाळू ब्लीचमध्ये बुडवली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला. टाकी चकाचक. पुढच्या रविवारी नवे सहा मासे आणले. तेही आठवड्याभरात मेले, आणि गंमत म्हणजे अंगावर एकही ठिपका नाही. नुसते पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

पहिले आठ रोगाने गेले. दुसरे सहा माझ्या स्वच्छतेने मारले. हे कळायला मला दोन महिने लागले.

झालं असं. मासे अमोनिया बाहेर टाकतात. दगडांच्या भोकांत, वाळूत आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात राहणारे जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती नव्याने बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी ती एका दुपारी साफ केली आणि आठ दिवसांनी सहा मासे त्यात सोडले. त्यांचे कल्ले अमोनियाने जळाले.

बरं, ज्या रोगासाठी हा उपद्व्याप केला, तो उकळण्याइतका चिवट तरी होता का? हा व्हाइट स्पॉट एक परजीवी. त्याचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरिअस, म्हणून लोक नुसतं इक म्हणतात. माशाच्या कातडीखाली तो वाढतो, तो दिसणारा ठिपका. मोठा झाला की गळून खाली पडतो, दगडाला किंवा वाळूला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात आणि साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. पाणी २५ ते २८ अंश असेल तर हे सगळं चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, गार पाण्यात काही आठवडे चालतं. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर, कवचातल्यांवर नाही. म्हणूनच एकदा औषध टाकून थांबलेल्या लोकांच्या टाकीत ठिपके परत येतात.

यातून निघणारी गोष्ट फार सोपी आहे. दगडावर इक कायमचा राहू शकत नाही. त्याला मासा लागतो. मासे बाहेर, फिल्टर चालू, पाणी कोमट आणि चार आठवडे धीर, एवढं केलं की दगड टाकीतच ठेवून निर्धोक होतो. घाई असेल तर बाहेर काढून कडकडीत वाळवा, कोरडेपणा त्याला सोसत नाही.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा मासे आणले आणि पुन्हा ठिपके! आता बाबा म्हणाले, "दगडांतच खोट आहे, फेकून दे." बाबांनी वाड्याचे दगड फेकायला सांगणं म्हणजे काय, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. दुकानदाराचंही म्हणणं तेच होतं, सगळं फेका आणि नवं घ्या. (त्याचं बरोबरच आहे, नवं तोच विकतो.) पण उकळलेल्या दगडात इक येणार कुठून? तो आला होता नव्या माशांबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीतून. २०२० नंतर क्वारंटाइन हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही, पण मासे आणताना तो आपल्याला आठवत नाही. आरोपी पिशवीत होता आणि फाशी आम्ही दगडाला देत होतो.

या वेळी वाचलेले दोन मासे टबमध्ये हलवून त्यांना औषध चालू केलं. टाकीचा फिल्टर तसाच चालू ठेवला, त्यातल्या जीवाणूंसाठी दोन दिवसांआड चिमूटभर खाद्य टाकत राहिलो. दगड टाकीत राहिले असते तरी चाललं असतं, पण बाबांचा विश्वास बसेना, म्हणून ते गच्चीवर गेले.

आणि इथे आईने मला शिकवलं. दोन दिवसांत दगड वरून खडखडीत झाले, मी उचलायला लागलो. ती म्हणाली, "वरून वाळलं म्हणजे वाळलं नसतं. कुरडई मोडून बघावी लागते." आता दगड कसा मोडणार? म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा वर नेला. सगळ्यात मोठा दगड पहिल्या दिवशी २ किलो ३४० ग्रॅम होता. रोज थोडं थोडं वजन उतरत गेलं आणि नवव्या दिवशी उतरायचं थांबलं. पन्नासएक ग्रॅम पाणी आत लपलं होतं! जालन्याच्या मे महिन्यातल्या उन्हात हे नऊ दिवस, पुण्याच्या पावसाळ्यात किती ते तुम्हीच बघा.

तर माझं मत असं की रोगानंतर पहिला प्रश्न "दगड कसा धुवायचा?" हा नसून "मासा कशाने मेला?" हा आहे. उत्तराप्रमाणे उपाय बदलतो.

व्हाइट स्पॉट असेल तर वेळ किंवा ऊन पुरे. कारण कळलंच नाही आणि बरेच मासे पटापट मेले, तर ब्लीच. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, दगड एक दिवस बुडवून ठेवायचा, मग भरपूर धुवायचा, अँटीक्लोरीन घातलेल्या पाण्यात दोन-तीनदा भिजवायचा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचा. ब्लीचबरोबर संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नको, क्लोरीन वायू होतो. फिनेल आणि साबण तर नकोच, भोकांत शिरले की निघत नाहीत. ओला दगड ओव्हनमध्ये, कुकरमध्ये किंवा सरळ गॅसवर ठेवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. समुद्री टाकी असेल तर सगळंच वेगळं. तिथल्या इकची पिल्लं कवचातून बाहेर यायला ७२ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, आणि काही प्रवाळसदृश जीवांत भयानक विष असतं. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरच्या टाकीतली प्रवाळं साफ करताना एक अख्खं कुटुंब दवाखान्यात पोचलं होतं. तो दगड तर मुळीच उकळायचा नाही.

एकाच बाबतीत मी बाबांचं आणि दुकानदाराचं ऐकीन. मासे महिनोन् महिने खंगत जातात, पोट खपाटीला जातं, पाठ वाकते, जखमा होतात, अशी लक्षणं असतील तर तो माशांचा टीबी असू शकतो. मायकोबॅक्टेरियम मरीनम. हा जंतू पोटॅशियम परमँगनेटला दाद देत नाही आणि हातावरच्या जखमेतून माणसालाही लागतो. तिथे आठवणी बाजूला ठेवायच्या, हातमोजे घालायचे आणि दगड टाकून द्यायचा. हातावरची गाठ किंवा जखम बरी होत नसेल तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आणि टाकायचा म्हणजे कचऱ्यात. कुंडलिकेत नाही. रोगट टाकीचं पाणी, दगड, नकोसे मासे नदीत सोडणं म्हणजे घरचा रोग गावाला वाटणं.

आणखी एक. २०१२-१३च्या दुष्काळात मी शाळेत होतो. जालन्यात पाण्यासाठी लोकांनी काय काय केलं ते मी बघितलंय. ज्या घरात आजही नळाला रोज पाणी येत नाही, तिथे "सगळं ओता, धुवा, परत भरा" हा सल्ला देणाऱ्याने शंभर लिटर म्हणजे किती हंडे ते आधी उचलून बघावं. थांबायला पाणी लागत नाही.

असो. जूनमध्ये दगड परत टाकीत गेले, बाबांनीच मांडले, आधी होते तस्सेच. टबमधले दोघं अजून मजेत आहेत. परवा बाबांचा फोन होता, आणखी दोन मासे आणलेत. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "टबमध्ये ठेवलेत. चार आठवडे."