मुलाखत कोणाच्या वतीने?

‘ज्याला सेवा करायची आहे त्याची मुलाखत कसली घेता? तळमळ असली म्हणजे झाले,’ असे मत आपल्याकडे अनेक सज्जन कळकळीने मांडतात. मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी लेखी परीक्षा, मुलाखतीच्या दोन-तीन फेऱ्या आणि आधीच्या संस्थेकडे चौकशी सुरू केल्यापासून सेवेची नोकरी झाली, अशी त्यांची तक्रार असते. या मतामागचा हेतू चांगला आहे, पण त्याला उमेदवार आणि संस्था हे दोनच पक्ष दिसतात. ज्याच्यापर्यंत मदत जायची तो तिसरा माणूस मुलाखतीच्या खोलीत नसतो. माझ्या मते मुलाखत त्याच्याच वतीने घेतली जाते, आणि म्हणून ती टाळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकचा इतिहास या दृष्टीने पाहावा. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली आणि त्यांतल्या लाखोंची छावणी इथे पडली. हुगळीतला गाळ टाकून भरून काढलेली ही खारी दलदल तेव्हा बहुतांशी मोकळी होती. आज त्याच परिसरात सेक्टर फाइव्हची कार्यालये आहेत. तिथल्या दुकानात गिऱ्हाइकाला वाईट वागणूक मिळाली तर ते दुसऱ्या दुकानात जाईल. छावणीतल्या आईला मात्र शिधा वाटणारा माणूस बदलून मागता येत नव्हता. ज्याच्या हातात शिधापत्रिका त्याच्याच हातात तिच्या मुलांचे जेवण. अशा ठिकाणी कोणाला पाठवायचे, हे पाठवण्याआधीच पारखले पाहिजे. नंतर तक्रार करण्याइतके बळ तिच्यापाशी उरत नाही.

हे भय काल्पनिक नाही. 2010च्या भूकंपानंतर हैतीत गेलेल्या ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचे लैंगिक गैरवर्तन 2011च्या अंतर्गत चौकशीत उघड झाले. काहींना काढले, काहींनी राजीनामे दिले. तिथल्या कामाचा प्रमुख पुढे बांगलादेशात दुसऱ्या मदतसंस्थेत रुजू झाला, आणि जगाला हे सारे 2018मध्ये कळले. समोर बसून गोड बोलणारा माणूस एका मुलाखतीत ओळखू येत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण त्यावरचा उपाय निवड सैल करणे हा नव्हे, तर मागची चौकशी तिचा अनिवार्य भाग करणे हा आहे. 2019पासून अनेक मदतसंस्थांनी एकमेकींकडे गैरवर्तनाची लेखी विचारणा करण्याची पद्धत स्वीकारली, ती यासाठीच.

सर्वांत सबळ आक्षेप पश्चिम बंगालमधल्या बनगावचा आहे. 1971च्या त्याच संकटात तिथे पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. त्या नातेवाइकांची मुलाखत कोणी घेतली होती? कोणीच नाही. पण त्यांना दिलेले काम एकच होते, त्याचे माप ठरलेले होते, ते देखरेखीखाली चालले होते आणि रुग्ण त्यांच्याच घरचा होता. गोदाम, पैसा आणि अनोळखी मुले ज्याच्या स्वाधीन करायची, त्याला हा दाखला लागू होत नाही. बनगाव वेगळे काही शिकवते: पदवीपेक्षा प्रत्यक्ष काम पाहा. म्हणून उमेदवाराच्या सफाईदार इंग्रजीवर भाळण्याऐवजी त्याला शिध्याचा हिशोब मांडायला सांगावे, आणि रडणाऱ्या बाईशी तो बंगालीत कसा बोलतो ते ऐकावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतून प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांचीच मर्यादा आहे, हे खरे. परंतु दोन सहकाऱ्यांनी तासभर बसून नीट प्रश्न विचारणे आणि मागच्या संस्थेला एक पत्र लिहिणे याला मोठा निधी लागत नाही. मात्र कठोर पारख करण्याचा हक्क सांगणाऱ्या संस्थेने उमेदवाराशीही सचोटीने वागावे: पगार जाहिरातीतच लिहावा, परीक्षेच्या नावाखाली फुकट काम करून घेऊ नये, नकार असला तरी कळवावा. दारात आलेल्या तरुणाचा मान जी संस्था राखत नाही, तिच्या हाती रांगेतल्या निर्वासिताचा मान तरी कोणत्या भरवशावर सोपवायचा?