किट विकू नका, क्रम विका!



मागच्या व्हिडिओत मी रिमोटवरच्या रॉक क्रॉलर गाडीला नवा सर्वो बसवून दाखवला. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "सर, एका सर्वोत तुम्हाला सुटतात किती? त्यापेक्षा अख्खं अपग्रेड किटच का नाही विकत?" प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय. तुमचा धंदा सायकलचा असो, शिलाई मशीनचा असो की मोबाइल ॲक्सेसरीजचा, शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रॉक क्रॉलर पळवायची नसते, चढवायची असते. दगडधोंड्यांवरून इंच इंच सरकत वर जायचं, एवढाच तिचा खेळ. ॲक्सियलची एससीएक्स१० किंवा ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ ही यातली गाजलेली नावं. दोन्ही १:१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या. नवशिके मात्र बहुतेक वेळा एखादी स्वस्त गाडी घेतात आणि आठवड्याभरात दुकानात येऊन विचारतात, "हिच्यात काय काय टाकता येईल?"

तिथेच माझी पहिली मोठी चूक झाली.

दुकान उघडून चार महिने झाले होते. एक तरुण आला, नवी नोकरी, खिशात पहिला पगार. मी त्याला निळ्या ॲल्युमिनियम पार्टचं ९,५०० रुपयांचं किट विकलं. वरून छताचं कॅरियर आणि लाइटची पट्टीपण दिली. मला २,६०० रुपये सुटले. त्या रात्री घरी जाऊन मी मिठाई वाटायची बाकी होती!

पंधरा दिवसांनी तो परत आला. गाडी आधी जिथे चढायची, तिथेच आता उलटत होती. आणि कारण त्याच्यापेक्षा मला आधी कळायला हवं होतं. क्रॉलरमध्ये वजन खाली आणि पुढे असावं लागतं. मी त्याच्या गाडीत वजन वर चढवलं होतं. दिसायला गाडी झकास, चढायला बेकार. त्याने ती अर्ध्या किमतीत विकून टाकली. तो पुन्हा माझ्या दुकानात आला नाही, आणि त्याच्या ऑफिसातले मित्रही आले नाहीत.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: नवशिक्याला किट विकायचं नाही, क्रम विकायचा.

माझा क्रम असा आहे.

पहिलं काम शून्य रुपयांचं. छतावरचं कॅरियर काढा, बॅटरी जमेल तितकी खाली आणि पुढे सरकवा. चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर जातं आणि पुढची चाकं हलकी होऊन उचलली जातात. नुसती बॅटरी सरकवली तरी फरक दिसतो. हो, हा सल्ला मी फुकट देतो.

दुसरा सर्वो. सर्वो म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. स्वस्त गाड्यांत ती कमजोर असते, प्लास्टिकच्या गिअरची. चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की वळतच नाही. २० ते २५ किलो-सेंटिमीटर ताकदीचा मेटल गिअरचा सर्वो लावला की १:१० ची गाडी नवी वाटायला लागते. पण विकताना एक गोष्ट तपासा. सर्वोला वीज मिळते ती स्पीड कंट्रोलरच्या बीईसीमधून. तो अपुरा पडला तर व्होल्टेज पडतं आणि ऐन चढावर रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी वेगळा बीईसी लागतो. हे आधी सांगितलं तर तुम्ही जाणकार, नंतर सांगितलं तर तुम्ही लुटारू!

तिसरे टायर. मऊ रबर आणि आतला योग्य फोम. फोम फार कडक असेल तर टायर दगडाला बिलगत नाही, नुसता घसरतो.

चौथं पितळेचं वजन, पुढच्या ॲक्सलवर किंवा चाकांत. पितळ जड असतं आणि नेमकं खाली बसतं, म्हणून.

मोटर सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक वेळी एकच बदल, मग त्याच दगडावर पुन्हा चाचणी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कुणालाच कळत नाही. ना गिऱ्हाइकाला, ना तुम्हाला.

आता हिशोब. या क्रमाने चाललेल्या माझ्या एका गिऱ्हाइकाचं वर्ष सांगतो. सर्वोत ४०० सुटले, टायरमध्ये ६००, पितळेत ४५०, जादा बॅटरीत ५००. एकूण १,९५०. म्हणजे किटपेक्षा कमीच! मी खोटं कशाला सांगू? पण तो वर्षात चार वेळा दुकानात आला आणि दोन मित्रांना घेऊन आला. दोघांनी माझ्याकडूनच गाड्या घेतल्या. शिवाय महागड्या किटमध्ये माझं भांडवल अडकून पडलं नाही. बीबीएला 'इन्व्हेंटरी टर्नओव्हर' पाठ केला होता, पण समजला तो शेल्फवरच्या निळ्या ॲल्युमिनियमवर धूळ बसलेली पाहून.

कुणी म्हणेल, "गिऱ्हाईक स्वतः मागतंय, पैसे देतंय, मग आपलं काय जातं?" सगळं समजून मागणारा असेल तर जरूर द्या. अनुभवी माणूस ॲल्युमिनियमच्या लिंक विचारपूर्वक घेतो, मी त्याला अडवत नाही. पण नवशिक्या पार्ट मागत नसतो, चढ मागत असतो. त्याला तो चढ मिळाला नाही तर दोष पार्टला लागत नाही, तुमच्या दुकानाला लागतो.

आणि काही ठिकाणी गप्प बसणं धोक्याचंच असतं. लायपो बॅटरी विकताना मी चार गोष्टी सांगितल्याशिवाय बिल करत नाही: बॅलन्स चार्जरच वापरा, चार्जिंगला लावून झोपू नका, फुगलेली बॅटरी वापरू नका, ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. ही बॅटरी कुणाच्या तरी पोराच्या खोलीत चार्ज होणार असते. तिथे "मागितलं तेवढं दिलं" हे उत्तर चालत नाही.

तर आजचा गृहपाठ. वही काढा आणि तीन ओळी लिहा. तुमच्या धंद्यात शून्य रुपयांत देता येणारा सल्ला कोणता? तुमचा 'सर्वो' कोणता, म्हणजे कमी पैशात सर्वात जास्त फरक पाडणारी वस्तू? आणि तुमचं 'निळं ॲल्युमिनियम' कोणतं, जे दिसतं भारी पण गाडी उलटवतं?

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. मला एक गिऱ्हाईक गमवावं लागलं होतं. तुम्ही वहीवरच शिका, स्वस्तात पडेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!