विहिरीतलं नायट्रेट आरओने नाही, पाचटाने अडवायचं



हल्ली जिकडे तिकडे एकच उत्तर ऐकतोय : विहिरीत नायट्रेट वाढलं? आरओ बसवा! पिण्यापुरता बसवा, ना नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर असं पाणी धोक्याचं, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच कमी होते. पण आरओ नायट्रेट संपवत नाही. वेगळं काढतो आणि वाया जाणाऱ्या पाण्यातून गटारात सोडतो. तिथून ते परत जमिनीत. याला उपाय म्हणायचं का?

आता हिशोब करू. युरियाची गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर साधारण ९२ किलो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. गोणीचा फक्त दहावा हिस्सा खाली झिरपला तरी २ लाख लिटर चांगलं पाणी मर्यादेला टेकतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत बावीस-तेवीस फूट पाणी म्हणजे तेवढंच. आपण उसाला एकरी किती गोण्या टाकतो, ते ज्याचं त्यानं मोजावं.

"आमची काळी चिकण जमीन, ती धरून ठेवते." काय धरते? अमोनियम धरते. नायट्रेटवर ऋण भार, चिकणमातीच्या कणांवरही ऋण भार, मग धरणार कसं? नायट्रेट अडवतात ते कर्ब खाणारे जिवाणू. कर्ब मिळाला की ते वाढतात, वाढायला नत्र लागतं, ते नायट्रेट उचलून अंगात बांधतात. मेल्यावर तेच नत्र हळूहळू पिकाला मिळतं. मातीत कर्ब नसेल तर पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर माल खाली.

आणि एकदा मुळांच्या खाली गेलं की खेळ संपला. खाली मुरूम आणि फुटका पाषाण. कर्ब नावाला, फटींतून हवा खेळती. नायट्रेट फोडून हवेत सोडणाऱ्या जिवाणूंना तिथं खायलाच नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं पाण्यात राहतं.

याचा अर्थ कर्ब कुठंही ओता, असा नाही. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात खोल गाळातच कर्ब आहे. तिथले जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग लोहाची ऑक्साइडं विरघळवतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. कर्बाची जागा वरच्या वीतभर मातीत. विहिरीच्या काठाला कोंबडीखताचा ढीग लावणं म्हणजे कर्ब वाढवणं नव्हे, त्यातलं नत्र विहिरीतच जायचं.

आता नेहमीचा आक्षेप : "पाचट कुजताना नत्र ओढून घेतं, खोडवा पिवळा पडतो." अहो, हेच तर मी सांगतोय! जे नत्र पाचटानं ओढलं ते विहिरीत गेलं नाही. पाचटावर सुरुवातीला थोडा युरिया टाका, ओल ठेवा, बाकीचा हप्त्यानं द्या. पण आपण काय करतो? फडाला काडी लावतो, एकरातला कित्येक टन माल धूर करतो, आणि माती अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४० च्या खाली आला की दुकानातून बाटलीतला कर्ब आणतो. लिटरभर बाटली टनाची भरपाई करेल होय?

कृषी विभागातल्या मित्रांनाही सांगणं आहे. माती अहवाल आणि पाणी अहवाल वेगवेगळ्या फायलीत ठेवू नका. शेतातला कर्ब आणि त्याच शेतातल्या विहिरीचं नायट्रेट एकाच कागदावर आणा, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा.

ज्यांना माझं पटत नाही त्यांनी आधी आपली विहीर तपासावी. मग या, बोलू.