घासाचा हिशेब

माझी आई कलबुर्गीची, वडील मराठी. घरात कोणी आले की दोन्ही भाषांत पहिला प्रश्न एकच : "ऊट आतेनु?" "जेवलात का?" काचीगुड्याला चिक्कम्माकडे, म्हणजे माझ्या धाकट्या मावशीकडे, मात्र हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते.

तिच्या बारा वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. एका जेवणाला दीड तास, दिवसाची चार जेवणे, म्हणजे सहा तास. मऊ भातही कधी श्वासनलिकेत उतरतो, आणि मग न्यूमोनिया. वजन अठरा किलो. त्यात आता पाठीचा कणा बाजूला वाकू लागला आहे. डॉक्टर म्हणाले, आधी पोटातून नळी बसवू, कण्याचे पुढे पाहू.

त्यावर नातेवाइकांची सभा भरली. "आईच्या हातचा घास तोडायचा?" असे एक काका म्हणाले. (त्यांनी स्वतः त्याला एकही घास भरवल्याचे मला आठवत नाही.)

नळी म्हणजे आईची हार, हे मला मुळीच पटत नाही. पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवण्याची पद्धत अमेरिकेत क्लीव्हलँडच्या गॉडरर व पोन्स्की या डॉक्टरांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला रुग्ण अवघ्या काही महिन्यांचे मूल होते. नळीने उलट्या किंवा न्यूमोनिया थांबतीलच असे नाही. पण पोट भरते, औषध वेळेवर जाते. अशक्त शरीराची जखम लवकर भरत नाही, जंतुसंसर्ग होतो, म्हणून कण्याआधी पोषण हा क्रम मला योग्य वाटतो. कण्याची शस्त्रक्रिया ही मोठीच गोष्ट. सळ्या व स्क्रू घालून मणके सांधतात. त्याने मूल चालू लागत नाही. खुर्चीत सरळ बसता यावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप. तो धोका पाहून एखाद्या आईने 'नको' म्हटले तर मी तिला दोष देणार नाही. 'लोक काय म्हणतील' म्हणून नको म्हणणे वेगळे.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च. त्यासाठी तेलंगणात आरोग्यश्री आहे; तिची मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये 10 लाखांवर गेली. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत औषधोपचार व थेरपीसकट वर्षाला 1 लाखापर्यंतचा विमा मिळतो. पण चिक्कम्माने सोडलेली शाळेतली नोकरी कोणत्या खात्यात मांडायची? ते रोजचे सहा तास कोणत्याच वहीत नाहीत. सभेत खर्चाची चर्चा तासभर झाली. या रकमेचा उल्लेख कोणी केला नाही.

आणि त्याला स्वतःला कोणी विचारलेच नाही. तो बोलत नाही; पण 'हो' म्हणायचे असले की डोळे वर करतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.