मेहकरचा जुना बाजार पाडताय? आधी टेप लावून मोजून तरी घ्या

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचले तरी चालेल, कारण काम तिथं आहे.

मागच्या आठवड्यात जुन्या बाजारातून जाताना आणखी एक घर उघडं पडलेलं दिसलं. पुढची भिंत गेलेली, मागची उभी. वरच्या मजल्यावर निळ्या चुन्याचा कोनाडा, त्याच्या बाजूला दिव्याच्या काजळीचा काळा पट्टा. खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सागवानी तुळया भरणं चालू होतं. मी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि 'आठवणी' असं लिहून स्टेटसला टाकला. संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा जणांनी रडकी तोंडं पाठवली. त्यातल्या निदान चार जणांनी स्वतःचं जुनं घर पाडून कॉम्प्लेक्स बांधलेलं आहे. पाचवा मी.

म्हणून हे लिहितोय. दुसऱ्या कोणाला शहाणपण शिकवायला नाही.

आमचं घर बाजाराच्या ओळीत होतं. समोर ओटा, ओट्यावर दोन गाळे, मागं आणि वर आम्ही. धाब्याचं छत, वर पांढरी माती. दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. आजोबा रोज सकाळी एकेक फळी काढून आत उभी करायचे आणि रात्री त्याच क्रमानं लावायचे. क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे, म्हणून प्रत्येकीवर पटाशीनं खुणा केल्या होत्या: एक रेघ, दोन रेघा, तीन. मी आकडे शाळेत नाही, त्या फळ्यांवर शिकलो. दुसऱ्या गाळ्यात एक शिंपीकाका बसायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. आमच्या तीन पिढ्यांचे पायजमे त्यांनीच शिवले.

२०१४ साली आम्ही ते पाडलं. का पाडलं? कारणं खोटी नव्हती. छत गळायचं. दरवर्षी उन्हाळ्यात पांढरी माती टाकायला लागायची आणि ती टाकणारी माणसं मिळेनाशी झाली होती. मातीत विंचू निघायचे. घरातल्या बायांना रात्री संडासला जायचं तर अंगण ओलांडून कंदील किंवा बॅटरी घेऊन जावं लागे. आई एकदा म्हणाली, "तुमाले वाडा सुंदर दिसते, कारण तुमी त्यो झाडत नाई." ह्या वाक्यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

भाड्याचंही होतं. आपल्या विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता. तो जाऊन सगळ्या महाराष्ट्राला एकच कायदा लागू झाला तो २००० साली. मधल्या पन्नास वर्षांत सिमेंटचे, लाकडाचे, मजुरीचे भाव कुठल्या कुठं गेले आणि भाडं तिथंच राहिलं. आमच्या गाळ्याचं भाडं किती होतं ते सांगायला लाज वाटते, इतकं कमी. मालक डागडुजी करत नाही कारण परवडत नाही, आणि भाडेकरू करत नाही कारण घर त्याचं नाही. असं घर पाडायला जेसीबी लागत नाही, ते बसल्या जागी मरत असतं. पुण्याच्या पेठांतले वाडे असेच गेले.

तर चार भावांच्या वाटण्या, गळकं छत, आणि एका बांधकामवाल्याचा प्रस्ताव. करारनामा वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात जास्त शिकलेला मी. त्यात एक ओळ होती की जुन्या भाडेकरूस नवीन इमारतीत गाळा देण्यात येईल. मी ती वाचली, बरं वाटलं, सही केली. गाळा कुठल्या मजल्यावर, हे मी विचारलं नाही.

शिंपीकाकांना दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूचा गाळा मिळाला. लिफ्ट नाही. पायजम्याची नाडी घालायला आणि शाळेच्या ड्रेसची चेन बदलायला कोण दोन जिने चढून जाणार? वर्षभरात त्यांनी मशीन खाली आणली आणि दुसऱ्याच्या पत्र्याखाली बसायला लागले. पुढं तेही सुटलं. त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. रस्त्यात भेटले की "काय बापू, बरं हाये ना?" म्हणतात. करार कायदेशीर होता. गाळा दिला होता. चूक कोणाची म्हणाल, तर ज्यानं सही करताना विचारलं नाही त्याची.

आता हे सगळं आज का? तर जे आमच्या ओळीत दहा-बारा वर्षांपूर्वी सुरू झालं ते आता पूर्ण बाजारात होणार आहे, आणि वेगानं. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ५ जून २०२५ ला मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. इंटरचेंज आपल्या तालुक्यात आहे. एक गंमत बघा. पूर्वी नागपूरकडून डोणगाववरून येणारी गाडी मेहकरच्या अंगावरूनच सिंदखेडराजा, जालन्याकडे जायची, चहाला थांबायची. आता गाडी गावाला वळसा घालून जाते, पण जमिनीचे भाव मात्र गावात येऊन बसलेत. ज्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकानं उतरावं लागतं, तिथल्या कोपऱ्यालाही आता विचारणा होते.

मी विकासाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे काही जणांचे कष्ट वाचतील. अग्निशमनची गाडी आत शिरली पाहिजे. नाली बांधली पाहिजे. आणि जुन्या ओट्यांच्या गोडव्यात एक गोष्ट आपण लपवतो, ती पण बोलू. त्या ओट्यांवर गावातल्या सगळ्यांना सारखं बसता येत नव्हतं. काही लोकांना पायरीच्या खाली उभं राहूनच सौदा घ्यावा लागे. माझ्या वर्गातल्या एका मित्राला जुन्या बाजाराबद्दल बोललो तर तो म्हणाला, "तुह्या आठवणी तुले, माह्या मले." त्यामुळे 'जुनं ते सोनं' वगैरे मी म्हणणार नाही. जुन्यातलं काय ठेवायचं हे त्या मित्रालाही विचारायला पाहिजे.

पण काहीच न बघता पाडायचं, हे मला पटत नाही. आपल्या गावाचा इतिहास म्हटला की आपण तीन-चार नावं घेतो. शारंगधर बालाजी. कंचनीचा महाल आणि तिथून लोणारच्या कमळजेचा दिवा दिसायचा ती कथा. पैनगंगेकाठची जुनी धर्मशाळा. कविता वाचणारा असेल तर ना. घ. देशपांडे, ज्यांनी इथं वकिली केली आणि इथूनच 'खूणगाठी'साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. ही नावं सुरक्षित आहेत. पण हे गाव पोसलं कोणी? बाजारानं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरात मेहकरच्या मोमीन विणकरांची नोंद आहे. त्यांच्या नावच्या वेशीवरच्या लेखात १४८८ साल आहे. गावाला तटबंदी बांधून देण्याइतका पैसा त्या मागांनी मिळवला होता. पुढं पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३ चा दुष्काळ यांनी तो धंदा बसवला. आज त्या विणकरांच्या घरांचा नकाशा, मागाची खोली किती लांब होती, दुकान कसं असायचं, यातलं काय आहे आपल्याकडे? एक वेस आणि एक ओळ. आपल्यानंतरच्या लोकांना कापसाच्या अडतीचा, किराण्याचा, शिंप्यांचा बाजार असाच एका ओळीत मिळणार का?

आणि मेहकरमध्ये तर जमीन खणणं ही साधी गोष्टच नाही. ११ फुटी बालाजीची मूर्ती १८८८ साली खोदकामातच सापडली, लाकडी पेटीत. ही गोष्ट आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आणि आज पायाचे खड्डे रात्रीतून मशीननं खणतो, माती कुठल्या शेतात जाते ते बघतही नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं मौल्यवान काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. किती जणांना माहीत आहे?

कायद्यात जागा आहे, आपण वापरत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं त्याची यादी आहे, त्यात ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपण्याचाही उल्लेख आहे. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचना मागवतात. आपण काय करतो? आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं का तेवढं बघतो. नाही पडलं की घरी. मुंबईनं १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली केली, नागपूरलाही वारसा यादी आहे. तालुक्याच्या गावानं तशी साधी यादी करू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

एक लांबचं उदाहरण देतो. पोलंडचं वॉर्सा शहर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याचा जुना भाग जवळपास सपाट केला. युद्धानंतर लोकांनी तो पुन्हा बांधला, इतका नेटका की १९८० साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. हे जमलं कशामुळं? अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराची चित्रं होती, हे सगळे सांगतात. पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तिथल्या वास्तुकलेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घरं मोजून काढलेले नकाशे. युद्धाच्या काळात ते लपवून ठेवले होते. घर गेलं, कागद राहिला. आपल्याकडे बॉम्ब नाही, बँकेचं कर्ज आहे, पण घर जायचं ते जातंच. निदान कागद ठेवा.

माझं म्हणणं तीन गोष्टींत आहे. नगर परिषदेनं जुन्या बाजाराच्या भागात पाडकामाची परवानगी देताना घराचे मोजमापासह नकाशे आणि आतून-बाहेरून फोटो जमा करायची अट घालावी. खर्च फार नाही, जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकची मुलं आनंदानं करतील. हा संच सार्वजनिक वाचनालयात ठेवावा, टेबलावर, कुलपात नाही.

दुसरी गोष्ट मालकांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. करारात भाडेकरूच्या गाळ्याचा मजला लिहा. क्षेत्रफळ लिहा. रस्त्याकडे तोंड आहे की मागं, ते लिहा. तळमजल्यावर धंदा करणाऱ्याला तळमजलाच. शिंपी, चांभार, घड्याळवाला, कुलूपवाला, यांचा धंदा जिना चढत नाही. हे लोक गेले की बाजार रुंद होतो आणि रिकामा होतो. आमच्या कॉम्प्लेक्सचे वरचे अर्धे गाळे आजही कुलूपबंद आहेत, या, दाखवतो.

तिसरी गोष्ट, तुमच्याकडे जुने फोटो असतीलच. लग्नाच्या वरातीचे, गणपतीचे, गजानन महाराजांची पालखी परतीला गावात येते तेव्हाचे. त्यात नवरदेवाच्या मागं दुकानं दिसतात, पाट्या दिसतात. साल आणि जागा लिहून मला पाठवा. फोटोत बाया, कामगार, हमाल दिसत असतील तर आधी ते पाठवा, कारण मालकांचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

आमच्या घरातली एकच फळी उरली आहे. तीन रेघांची. तिच्यावर मुलीची पुस्तकं ठेवलेली असतात. बाकीच्या ट्रॉलीत गेल्या.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी बाजारात असेन. अजून उभी असलेली अकरा घरं मी मोजली आहेत, त्यातल्या सहा मालकांनी आत येऊ द्यायचं कबूल केलंय. शिंपीकाकाही येतो म्हणालेत, कोणत्या ओट्यावर कोण बसायचं ते त्यांच्याइतकं कोणाला आठवत नाही. पन्नास फुटी टेप माझ्याकडे आहे. दुसरं टोक धरायला माणूस लागतो.