डोळा उघडला, नंबर उरला

गेल्या दिवाळीत आमच्या थोरल्या वहिनींचे वडील कळसाडीहून आले होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावी आप्पांची शेती. मळणीच्या वेळी ज्वारीचे कूस डोळ्यात गेले, चिघळले आणि बुबुळावर फूल पडले. पुढे नेत्रदानातून मिळालेला पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बसवला. फूल गेले, बुबुळ काचेसारखे लख्ख झाले. आम्ही सगळे खूष! पण आप्पांनी दिवाळी अंक हाती घेतला आणि मुकाट्याने खाली ठेवला.

"अक्षराला अक्षर चिकटलंय. पणतीची ज्योत फाटलेली दिसते. दुसऱ्याचा डोळा तो. त्याला आपली बाराखडी कशी ओळखू यावी?"

हे हसण्यावारी गेले असते. परंतु शस्त्रक्रिया फुकट गेली असे ठरवून आप्पांनी थेंब घालणेच सोडले आहे, हे वहिनींनी हळूच सांगितले तेव्हा हातातली चकली हातातच राहिली. परका पडदा शरीर कधीही नाकारू शकते. पहाऱ्याला ते थेंबच तर असतात! डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा दिसणे मंदावले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.

भाऊबीज उरकताच आप्पांना डॉक्टरांकडे नेले.

"पडदा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "खिडकीला नवी काच बसवली, पण ती जरा ताणून बसली आहे, इतकंच."

सुमारे आठ मिलिमीटरची ती चकती; भोवती केसाहून बारीक सोळा टाके. एक टाका घट्ट, दुसरा सैल, की बुबुळाची गोलाई बिघडते. प्रकाश एका बिंदूवर जमत नाही. हाच तो सिलिंडरचा नंबर. 1905 साली मोराव्हियातल्या ओलोमौत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या मजुराला असा पडदा प्रथम यशस्वीपणे बसवला. तेव्हा पडदा स्वच्छ राहिला हेच नवल. नंबराची विचारपूस कोण करणार?

नंबर घालवणाऱ्या लेसरची कुळकथा मात्र सणाच्या पानावरचीच आहे. 1981 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन (जन्म मद्रासचा) यांनी थँक्सगिव्हिंगच्या सणातली उरलेली टर्की नेली आणि तिच्यावर एक्सायमर लेसर सोडला. आजूबाजूला न भाजता सुबक खाच पडली. 1983 मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी तो कॉर्नियावर वापरून पाहिला. उरलेसुरले दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकणाऱ्या आपल्या घरात हा शोध लागणे कठीणच होते!

हे ऐकून आप्पा ताठ बसले. "मग उद्याच मारा की लेसर!"

डॉक्टर हसले. आधी टाके काढायचे. त्यानंतर काही महिने नंबर हलत राहतो. तो स्थिर झाल्याशिवाय लेसरचे नाव नाही. तोवर चष्मा लावून पाहायचा. बुबुळावर बसणारे कडक भिंग सगळ्यांत स्पष्ट दाखवते, पण शेतातल्या धुळीत ते सांभाळणार कोण? मोतीबिंदू असेल, तर तो काढताना सिलिंडरचे भिंग आत बसवून काम भागते. आप्पांना तो नव्हता. शेवटी उरतो लेसर, तोही पडद्याची जाडी पुरेशी असेल तरच. एवढे करून नंबर बहुधा शून्यावर येत नाही. चष्म्याने नीट वाचता येईल इतका उतरला तरी मिळवली. शिवाय लेसरच्या निमित्ताने शरीराची परकेपणाची आठवण जागी होऊ शकते, म्हणून थेंब चालूच.

यंदा टाके निघाले आहेत. सलग दोन तपासण्यांत नंबर तोच आला, जाडीही पुरेशी भरली. आप्पांनी थेंबांच्या वेळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून घेतल्या आहेत. लेसरची तारीख तुळशीच्या लग्नानंतर धरायची की ऊसतोड आटोपल्यावर, यावर कळसाडीत अजून एकमत झालेले नाही.