बंद खोलीतली गुणवत्ता

३ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला एक विलक्षण निकाल ऐकून घ्यावा लागला. त्या मोसमातील आपले तेराच्या तेरा सामने त्याने जिंकले होते. आपल्या गटाचे अजिंक्यपद आदल्याच रात्री त्याने मिळवले होते. तरीही राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी झुंजणाऱ्या चार संघांत त्याला स्थान मिळाले नाही. निवड समितीने त्याला पाचवा ठरवले आणि चौथ्या जागी अलाबामाला बसवले. अलाबामा त्याच मोसमात स्वतःच्या मैदानावर टेक्सासकडून हरला होता. मोठ्या पाच गटांपैकी एखाद्याचा अपराजित विजेता वगळला जाण्याचा प्रसंग चार संघांच्या त्या पद्धतीत प्रथमच घडत होता.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा अमेरिकी खेळ. विद्यापीठांचे वरच्या श्रेणीतील सुमारे १३० संघ तो खेळतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोसमात साधारण बाराच सामने येतात. सर्वांची सर्वांशी गाठ पडणे अशक्य. त्यामुळे राष्ट्रीय विजेता मैदानावर न ठरता मतांनी ठरण्याची प्रथा तेथे फार जुनी आहे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे पत्रकार क्रमवारी लावत आले, १९५० पासून प्रशिक्षकही लावू लागले. १९६६ साली एकही सामना बरोबरीत न सोडता सर्व जिंकणारा अलाबामा तिसरा ठरला आणि एक सामना बरोबरीत सोडणारा नोटर डेम पहिला. अलाबामाच्या संघात त्या काळी एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि त्याचा मतदारांच्या मनावर किती परिणाम झाला याचा वाद अद्याप संपलेला नाही. १९९८ मध्ये मतांच्या जोडीला संगणकाची गणिते आली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर २०१४ च्या मोसमापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि ते चार कोण, हे ठरवण्यासाठी तेरा जणांची समिती नेमण्यात आली.

ही समिती टेक्सासमधील ग्रेपव्हाइन येथील एका प्रशस्त हॉटेलात बसते. तिच्यात विद्यापीठांचे क्रीडासंचालक, निवृत्त प्रशिक्षक, माजी खेळाडू असतात. पहिल्या समितीत तर माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइसही होत्या. ज्याचा ज्या विद्यापीठाशी संबंध, त्याने त्या संघाच्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावे, असा नियम आहे आणि तो पाळला जातो. तेव्हा या मंडळींवर सरसकट लबाडीचा आरोप करणे अन्यायाचे होईल. २०२३ साली समितीचे अध्यक्ष ज्या विद्यापीठाचे क्रीडासंचालक होते, ते विद्यापीठ खुद्द फ्लोरिडा स्टेटच्याच गटातले होते! अन्याय व्हायला माणसे वाईट असावी लागतात, असे नाही. कसोटी अगोदर न ठरवता निर्णय करण्याची मुभा त्यांच्या हाती असली की पुरे होते.

फ्लोरिडा स्टेटला वगळण्याचे कारण काय सांगितले गेले? त्यांचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, नोव्हेंबरमध्ये पाय मोडून जायबंदी झाला होता. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असे समितीचे म्हणणे. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणे हा मुद्दा विचारात घ्यावा, असे समितीच्या नियमांत लिहिलेलेच आहे. म्हणजे कागदावर सारे रीतसर झाले. परंतु समितीच्या पहिल्याच वर्षाकडे पाहावे. २०१४ साली ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक मोसम सुरू होण्यापूर्वीच जायबंदी झाला, दुसरा अखेरच्या साखळी सामन्यात. तिसऱ्याला घेऊन त्या संघाने गटाच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनचा ५९-० असा धुव्वा उडवला आणि समितीने त्याला चौथी जागा दिली. त्याच दिवशी टेक्सास ख्रिश्चन हा तिसऱ्या क्रमांकावरचा संघ आपला सामना ५५-३ असा जिंकूनही थेट सहावर घसरला! पुढे ओहायो स्टेटने अजिंक्यपदही पटकावले. दुसऱ्या फळीच्याही मागे उभा असलेला पोरगा राष्ट्रीय विजेतेपद आणू शकतो, हे समितीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. नऊ वर्षांनी फ्लोरिडा स्टेटनेही तिसऱ्याच क्वार्टरबॅकला घेऊन लुइव्हिलला १६-६ असे नमवले. त्या विजयाचा मान बचावफळीचा होता आणि धावसंख्या तुटपुंजी होती. एकदा राखीव खेळाडूचा विजय हा सामर्थ्याचा पुरावा मानला गेला, दुसऱ्यांदा तोच दुबळेपणाचा.

स्वतः ट्रॅव्हिसने त्या दिवशी जाहीरपणे जे म्हटले ते कोणाच्याही काळजाला हात घालील. आपला पाय मोसमात आणखी आधी मोडला असता तर बरे झाले असते, असे तो म्हणाला. म्हणजे हा संघ केवळ एका क्वार्टरबॅकचा नाही, हे लोकांना दिसले असते.

समितीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते टाळू नये. फ्लोरिडा स्टेट पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असा चिरडला गेला, तेव्हा समितीचे समर्थक म्हणाले, पाहा, आमचे खरे ठरले. पण त्या सामन्यात निराश झालेले कित्येक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. अन्यायानंतरच्या पराभवाने अन्यायाचे समर्थन कसे होणार? खरा प्रश्न वेगळाच आहे. समितीने 'सर्वांत चांगले' संघ निवडावेत, की 'सर्वांत पात्र' ठरलेले? चांगला म्हणजे उद्या जो जिंकेल असे जाणकारांना वाटते तो; पात्र म्हणजे ज्याने आजवर जिंकून दाखवले तो. पहिली कसोटी भाकिताची, दुसरी हिशेबाची. यांपैकी कोणतीही एक अगोदर जाहीर करून कठोरपणे पाळली तर निदान तक्रारीचे स्वरूप बदलेल. आज समिती दोन्ही खिशात ठेवते आणि निकाल लागल्यावर सोयीची बाहेर काढते. उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर कोणत्या प्रश्नाला किती गुण, हे ठरवणाऱ्या परीक्षकाला आपण काय म्हणू?

या मोकळिकीचा लाभ कोणाला होतो, हे पाहू गेल्यास प्रस्थापितांचे पारडे सतत जड दिसते. २०१७ साली सेंट्रल फ्लोरिडा हा छोट्या गटातला संघ एकही सामना हरला नाही. समितीने त्याला बारावा क्रमांक दिला. प्रतिस्पर्धी कमकुवत होते, हे कारण. मोठ्या विद्यापीठांना अशा संघाशी खेळण्यात लाभ थोडा आणि धोका मोठा, म्हणून ती सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. आणि मग हे मोठ्यांशी खेळलेच नाहीत, हा ठपका छोट्यांवरच येतो. कर्तृत्वाआधी कूळ विचारण्याची ही रीत आपल्या वाचकांना अपरिचित नाही. नववर्षदिनी त्याच संघाने ऑबर्नला ३४-२७ असे हरवले, आणि ऑबर्नने त्या मोसमात अलाबामा व जॉर्जिया या दोघांनाही, म्हणजे त्या वर्षीच्या दोन्ही अंतिम स्पर्धकांना, पाणी पाजले होते. छोट्या गटांतला पहिला संघ चौघांत यायला २०२१ साल उजाडावे लागले. तो सिनसिनाटी.

या साऱ्याच्या मुळाशी अर्थातच पैसा आहे. २०२६ पासूनच्या करारानुसार ईएसपीएन ही वाहिनी या स्पर्धेसाठी दरवर्षी सुमारे १३० कोटी डॉलर मोजणार. त्यातले सुमारे २९ टक्के बिग टेन आणि तितकेच एसईसी या दोन गटांना. म्हणजे ३४ विद्यापीठांना निम्म्याहून अधिक. उरलेल्या पाच छोट्या गटांतल्या साठांहून अधिक संघांना मिळून सुमारे ९ टक्के. क्रमवारीची साप्ताहिक घोषणाही याच वाहिनीवर होते आणि एसईसीचे सामनेही तीच दाखवते. वाहिनी समितीच्या कानात सांगते, असा प्रवाद त्यामुळे उठतो. त्याला पुरावा नाही. फ्लोरिडा स्टेटच्या गटाचे सामनेही हीच वाहिनी दाखवत होती, हे विसरू नये. तथापि कोणते संघ मोठे, हे वर्षानुवर्षे ज्या पडद्यावरून लोकांच्या मनावर ठसते, त्याच पडद्यावर क्रमवारीचा तमाशा साजरा व्हावा, यात संशयाला भरपूर जागा आहे. पैशाच्या या ओढीने गटही विस्कटले. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जुन्या गटातील बारापैकी दहा विद्यापीठे निघून गेली; कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळते.

२०२४ पासून चारांऐवजी बारा संघ घेतले जातात आणि पाच गटविजेत्यांना हक्काचे स्थान मिळते. ही सुधारणा खरी आहे. पण भांडण चौथ्या जागेवरून शेवटच्या जागेवर सरकले, इतकेच. २०२५ साली मायामीने मोसमाच्या आरंभीच नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते. दोघांचेही शेवटी दहा विजय आणि दोन पराभव. तरीही आठवड्यामागून आठवडे समिती नोटर डेमला वर ठेवत राहिली, आणि शेवटच्या दिवशी, जेव्हा त्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळले नव्हते, तेव्हा अकस्मात मायामी वर गेला. अंतिम निर्णय योग्यच होता. समोरासमोरचा विजय मोजला जायलाच हवा. पण तो ऑगस्टपासून डोळ्यांसमोर असताना डिसेंबरपर्यंत मोजला का गेला नाही? मधला तिसरा संघ घसरल्याने हे दोघे शेजारी आले, म्हणून आता तुलना केली, हे उत्तर कोणाला पटले? नोटर डेमने रागाने पुढचा सामना खेळायलाच नकार दिला. कोणत्याही गटात नसलेल्या त्या विद्यापीठाला एका क्रमांकाने किमान ४० लाख डॉलर गमवावे लागले. त्याच्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. मात्र त्या रागातून जो सूर निघाला, की ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन यांच्यासारख्या छोट्यांना जागा देता कशाला, तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ज्यांच्या अंगमेहनतीवर हा डोलारा उभा, ते खेळाडू या चर्चेत कुठेच नसतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी २०१४ साली कामगार म्हणून संघटना करू पाहिली. स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार मानले, परंतु २०१५ मध्ये राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने आपला अधिकार वापरण्यासच नकार दिला. नाव आणि छबी वापरू देण्याचे पैसे त्यांना मिळू लागले ते २०२१ पासून. विद्यापीठांनी त्यांना थेट मोबदला द्यायला न्यायालयाची संमती मिळाली ती २०२५ मध्ये. वगळल्या गेलेल्या संघातील शेवटच्या वर्षाच्या मुलाला पुढचा मोसम नसतो. त्याने मैदानावर सिद्ध केलेली गोष्ट खोलीत रद्द झाली, तर दाद मागायला जागा नाही. फ्लोरिडा स्टेटच्या विश्वस्तांनी डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयात धाव घेतली खरी, पण ती गटाच्या करारातून आणि त्याच्या जबर दंडातून सुटण्यासाठी.

निवडीत संगणकाच्या गणितांवर भिस्त ठेवावी, हा उपाय पूर्वी फसला आहे. २००३ साली दोन्ही मतदानांत पहिला आलेला सदर्न कॅलिफोर्निया त्याच गणिताने अंतिम सामन्यातून बाहेर पडला होता. माणसांचा निर्णय हवाच. पण मोसमाआधी कसोट्यांचे वजन ठरवून छापावे आणि तेराही सदस्यांची मते नावानिशी प्रसिद्ध करावीत, यात अशक्य काय आहे? असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत प्रत्येक पत्रकाराचे मत दर आठवड्याला लोकांना पाहायला मिळते, आणि त्यावरून त्यांना शिव्याही खाव्या लागतात. त्या मतांवर एका डॉलरचेही वाटप होत नाही. ज्या मतांवर कोट्यवधींचे होते, ती मात्र गुप्त आहेत.